नवख्यासाठी हलकी बॅट

"किसके वास्ते होना साब? बच्चे के वास्ते?" दुकानदाराने विचारलं, आणि टांगलेल्या फुटबॉलच्या जाळ्यामागे उभ्या मंगलाताईंनी कान टवकारले.

बच्चा नाही, भगवंतराव म्हणाले, मोठं माणूस आहे, पण अगदी पहिल्यापासून शिकायचंय. मंगलाताईंचा हा नवरा घरातून निघाला होता बेगम बाजारला, चिंच आणि सुक्या मिरच्या आणायला. मी येते म्हटलं तर नक्को म्हणाला, फार गर्दी असते. जन्म गेला या शहरात आणि आता गर्दीचं कौतुक! त्यांनी नल्लकुंट्याच्या नाक्यावर दुसरी ऑटो पकडली. पुढची ऑटो बेगम बाजारला न जाता कोठीत, खेळाच्या सामानाच्या दुकानासमोर थांबली, तेव्हाच त्या समजल्या की पाणी कुठेतरी मुरतंय.

उगीच संशय घेणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. पण डोळे मिटून तरी किती दिवस बसायचं? उन्हाळ्यापासून या माणसाचं तंत्रच बिघडलं होतं. जन्मभर आरशासमोर स्वतः दाढी करणारा गृहस्थ आता सलूनमध्ये जायचा आणि घमघमत घरी यायचा. रस्त्याने चालताना हात पँटच्या खिशात, कॉलेजकुमार जसा. जेवायला शेजारी बसेना. तुझं होऊ दे, मी नंतर घेतो, म्हणायचा. आणि घेतलं तर वरणभातसुद्धा चमच्याने. बायकोने भरून दिलेला चहा समोर गार होऊन जायचा. आणि फोनवर ते नाव, तारामती. ते आलं की हे उठून गॅलरीत. कोण म्हणून विचारलं, तर क्लबातल्या ओळखीच्या आहेत, म्हणाले. आता क्लबात जाणं तर केव्हाच बंद झालेलं. यांची टेबल टेनिसची बॅट कपाटावर धूळ खात पडली होती.

दुकानदाराने एक भारीतली बॅट काढून काउंटरवर ठेवली. भगवंतरावांनी ती परत सरकवली. ही नको, फार फास्ट आहे. लाकूड हलकं हवं, रबराखालचा स्पंज पातळ हवा. हाताला जोर नाही, चेंडू ताब्यात राहिला पाहिजे. वेगाचं पुढे बघता येईल. दुकानदाराने तशी एक हलकी बॅट काढून काउंटरवर ठेवली.

मंगलाताईंनी हे आधी ऐकलं होतं. अगदी हेच शब्द. बँकेच्या रिक्रिएशन हॉलमध्ये त्या नवीन होत्या, तेव्हा याच माणसाने त्यांच्यासाठी पहिली बॅट अशीच निवडली होती. हलकं लाकूड, पातळ स्पंज. मग बोटं धरून ती पकडायला शिकवली, मिक्स्ड डबल्सला जोडीला घेतलं, आणि त्या जोडीचंच पुढे लग्न झालं. खेळात मात्र ती जोडी कधी धड जमली नाही. दोघेही उजव्या हाताचे. डबल्समध्ये एकाने मारायचं, बाजूला व्हायचं आणि मग दुसऱ्याने मारायचं. तर यांची मध्येच टक्कर. बँकेची फायनल त्या टकरीतच गेली. आपल्यातलं एक डावखुरं असतं तर कप घरी आला असता, असं भगवंतराव लग्नानंतरही कितीतरी वर्षं म्हणत.

बॅट बघून खेळणारा ओळखण्याइतका खेळ मंगलाताईंना कळत होता. आता आणखी एका नाजूक हातासाठी हलकी बॅट. या वयात, आणि तेच शब्द वापरून! दुसरी बाई असण्याचं जेवढं दुःख झालं, त्याहून जास्त त्या शब्दांचं झालं. त्या तरातरा पुढे आल्या.

"तारामतीसाठी का?"

भगवंतराव दचकून वळले. वळताना खिशातला हात बाहेर आला आणि काउंटरवरच्या चेंडूंच्या उघड्या डब्यावर टेकला. आतले चेंडू खुळखुळायला लागले. हात तसाच राहिला, आणि चेंडू काही थांबेनात. दुकानदार बिचारा उगीचच मागचं कपाट उघडून आत बघू लागला.

मंगलाताई त्या हाताकडे बघत राहिल्या. ती सलूनमधली दाढी, तो चमचा, तो गार झालेला चहा, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

"कंपवात आहे म्हणाले डॉक्टर," भगवंतराव खाली बघत म्हणाले. "तारामती इथे मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात व्यायाम घेतात माझा. ज्या हाताने तुला बॅट धरायला शिकवलं, तो असा झालेला तुला दाखवायचा नव्हता."

तारामतीबाईंनी बजावलं होतं, खेळ सोडू नका, उजव्याने नाही जमत तर दुसऱ्याने धरा. एवढं सांगून भगवंतरावांनी काउंटरवरची हलकी बॅट डाव्या हातात घेतली. आमटीचा डाव धरावा तशी मुठीत धरली. बायकोला बॅट धरायला शिकवलेला माणूस, आणि त्याला बॅट धरता येत नव्हती.

मंगलाताईंना रडू आलं, आणि रागही आला. एकाच घरात राहून हे एकट्याने सोसलं म्हणून राग, आणि आपण काय काय मनात आणलं म्हणून स्वतःचाही. पण बोलण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. त्यांनी त्याचा डावा हात हातात घेतला, बोटं सोडवली, तर्जनी रबरावर आडवी टेकवली आणि बाकीची तीन मुठीभोवती वळवली. मग त्या दुकानदाराकडे वळल्या.

"भैया, मुझे भी एक होना," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याचा हात न सोडता त्याला म्हणाल्या, "डावखुऱ्या जोडीदाराबरोबर खेळायचं राहूनच गेलं होतं माझं. आता तरी आदळणार नाही आपण एकमेकांवर."