शेंगोळ्यांचं इटालियन नाव

"कुळथाचे शेंगोळे टोमॅटोत बुडवलेस? घरचं अन्न नासवायला शिकलीस होय एवढी?" सासऱ्यांनी ताट पुढे ढकललं.

मी ते पुन्हा त्यांच्यासमोर सरकवलं. मला न विचारताच त्यांनी स्वयंपाकाच्या कुमुदताईंना काढून टाकलं होतं. मी प्रयोगशाळेतली नोकरी सोडावी आणि घरी रांधावं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"वर चीज आहे, ते वितळलेलं आहे, तोवर खा," मी म्हटलं. "इटलीत असाच हातावर वळलेला पास्ता करतात. स्त्रोत्साप्रेती."

"म्हणजे काय?" त्यांनी नाइलाजाने घास घेतला.

"पाद्र्याचा गळा घोटणारा. फुकट जेवायला येणाऱ्या पाद्र्यांसाठी तिथल्या बायका तो करायच्या, म्हणे. वळताना मनात म्हणायच्या, याच्या घशात अडको."

त्यांचं चावणं थांबलं. "मी पाद्री आहे का?"

"नाही. म्हणून तर तुमचे मऊ शिजवलेत. कुमुदताईंना मी परत बोलावलंय. मी उद्यापासून कामावर जाणार आहे."

घास कसाबसा गिळून ते सासूबाईंकडे वळले. "ऐकलंस तुझ्या सुनेचं?"

सासूबाई लग्न झाल्यापासून त्यांच्यासाठी शेंगोळे करत होत्या आणि दरवेळी कधी मिठावरून, कधी तिखटावरून बोलणी खात होत्या. त्यांनी आपल्या ताटातला एक शेंगोळा उचलला आणि त्याचा पीळ नीट निरखला.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "मी आजवर ते नुसतेच वळत आले."