शिवेबाहेर

जीप आजही थांबली, कारण वाटेत जानराव मास्तर आणि झुंबरबाई मांडी घालून बसले होते.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं. देऊळघाटच्या वरच्या अंगाला, पैनगंगेकाठी, अणुवीज केंद्र उभारायचं म्हणून साहेब मोजणीला आले होते. जागा पक्की झाली की झुंबरबाईचा मिरचीचा मळा जाणार होता. नवरा गेल्यावर त्याच मळ्यानं तिला जगवलं होतं.

मास्तर खादीवाले. बॉम्बनं जळालेल्या जपानी शहरांचे फोटो पाहिल्यापासून त्यांची झोप उडाली होती.

"हे जगात कुठंच नको," ते म्हणायचे.

"जगाचं तुमी पाहा. माह्या शिवेत नको, बस."

"ही आपमतलबी गोष्ट झाली, बाई."

"असू द्या."

असे भांडत भांडत दोघं एकाच फडक्यातली भाकर खात. थंडीचं कोवळं ऊन, नदीवर धुकं, डोळ्यांवर गुंगी. आपण कुणाशी लढतोय, हेच मास्तरांना मधूनमधून आठवेनासं व्हायचं.

"पटकीच्या साली आमी मरीआईचा गाडा असाच शिवेबाहेर लोटला होता," झुंबरबाई म्हणाली. "हळदकुंकू वाहून, वाजतगाजत. मंग गावात एक बी माणूस मेला नाही."

"अन् पलीकडच्या गावात?"

झुंबरबाई नदीकडे पाहत राहिली. अडाणी आहे बिचारी, असं मास्तरांच्या मनात आलं, आणि तिची मायाही वाटली.

शेवटी साहेबच कंटाळले. "इथला नाद सोडला," ते म्हणाले. "पलीकडच्या काठाचं गाव पाहतो."

मग काय विचारता! गावानं हलगी लावली. बायांनी जीपला हळदकुंकू वाहिलं. मास्तरांनी स्वतः गूळ वाटला, आणि 'कुठंच नको' हे शब्द त्या दिवशी त्यांच्या तोंडून काही निघाले नाहीत.

झुंबरबाई मळ्यात एक चक्कर मारून आली. फडक्यात भाकरी बांधली आणि साहेब काही बोलायच्या आत जीपमध्ये चढून बसली.

"बाई, उतरा. जिंकलो आपण. कुठं चालल्या?"

"पलीकडं. तिथं बी जीपपुढं बसाले."

"आता काऊन? मळा वाचला ना तुमचा."

"हाव, वाचला," ती म्हणाली. "त्या साली बी गाव वाचलं होतं, मास्तर. गाडा ज्या गावात गेला, तिथं माही लेक रुखमा दिली होती."