पत्राची मागची बाजू

दगडावरचं नाव कुसुमने दोनदा वाचलं. सार्जंट एडवर्ड हॅलम, पॅराशूट रेजिमेंट. ऑक्टोबर १९४४. वय सव्वीस. आजूबाजूला असेच हजारो पांढरे दगड रांगेत उभे होते आणि त्यांच्यापलीकडे राइशवाल्डचं जंगल.

"मावशी, हाच का तुझा पेशंट?" विनयने विचारलं. तो डार्मश्टाटला संशोधन करत होता. मावशी नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी तीन महिने हॅम्बर्गला आली, तेव्हा तिने भाच्याला पहिल्याच पत्रात कळवलं होतं, 'जर्मनीत मला एवढी एकच जागा पाहायची आहे.'

"हो, हाच. दिल्लीला होता माझ्या वॉर्डात. सरावाच्या उडीत पाय मोडून घेतला होता. पडल्या पडल्या मराठी शिकला."

दोन रांगा सोडून एक माळी गवत कापत होता. पन्नाशीचा, एका पायाने लंगडणारा. तो थांबला. ओव्हरकोटाखालची साडी त्याने पाहिली, मग ती कुठल्या दगडापाशी उभी आहे ते पाहिलं. टोपी काढून तो जवळ आला.

"सिस्टर कुसुम?" त्याने इंग्रजीत विचारलं.

कुसुमने मान हलवली.

"मी कोल. एडवर्डच्याच, म्हणजे आमच्या नेडच्याच पलटणीतला. इथं येऊन पंधरा वर्षं झाली मला. या दगडापाशी आजवर कुणी आलं नाही. साडीतली बाई दिसली, तेव्हा दुसरं कोण असणार?"

पलटण दिल्लीत उभी राहिली होती. तिथून इजिप्त, इटली, मग विलायत. शेवटी हॉलंडमध्ये उडी. आठवड्यात पलटण संपली, आणि जखमी झालेले कोल आणि नेड मालगाडीतून जर्मनीत कैदी म्हणून आले. कोलने हे सगळं चार वाक्यांत सांगितलं.

"मिस्टर कोल," कुसुम म्हणाली, "माझं शेवटचं पत्र नेडला मिळालं होतं का?"

विनयने मावशीकडे पाहिलं. रोग्याचा ताप विचारावा तसा तिचा आवाज होता. फक्त हातातल्या पर्सचा बंद तिने बोटाला करकचून गुंडाळला होता.

"मिळालं. उडीच्या दिवशी सकाळी. तुमच्या लिपीत होतं. विमानात बोट फिरवत एकेक अक्षर लावत होता. पुढची बाजू वाचून झाली आणि उडीचा दिवा लागला. म्हणाला, उरलेलं खाली उतरून वाचतो."

"आणि मग?"

"पकडल्यावर झडती झाली. तिथल्या अधिकाऱ्याला ती अक्षरं म्हणजे सांकेतिक भाषा वाटली. पत्र घेऊन गेला. पुन्हा काही दिसलं नाही." कोल टोपी हातात फिरवत राहिला. "नेड त्यानंतर तीन आठवडे जगला. मला सांगायचा, मी तिला विचारलंय, माझ्याबरोबर येशील का. उत्तर मागच्या बाजूला असणार. रोज तेच."

कुसुमला मागची बाजू पाठ होती. तिथं चारच ओळी होत्या. वडील अंथरुणाला खिळले आहेत, पाठच्या दोघी बहिणी लग्नाच्या आहेत. मला येता यायचं नाही. माझी वाट पाहू नका. पत्र पेटीत टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी ती टपाल कचेरीत जाऊन ते परत मागत उभी राहिली होती. थैली केव्हाच गेली होती.

त्या पाठच्या बहिणींतल्या थोरलीचा मुलगा आता शेजारी उभा होता.

"शेवटच्या सकाळी," कोल म्हणाला, "मी त्याला एक सांगितलं. ते आजतागायत मला खातंय. म्हटलं, नेड, तुझं पत्र सापडलं. छावणीत एक हिंदी कैदी आहे, त्याच्याकडून वाचून घेतलं. ती हो म्हणतेय." तो दगडाकडे बघत राहिला. "तसा कैदीच नव्हता तिथं. ऐकून नेड हसला. दुपारी गेला. सिस्टर, तुम्ही काय लिहिलं होतंत मला माहीत नाही. मरत्या माणसाला फसवलं का हो मी?"

कुसुमने बोटाला गुंडाळलेला पर्सचा बंद सोडला. मग पुढे होऊन तिने त्याचा मातीने भरलेला हात दोन्ही हातांत धरला.

"नाही, मिस्टर कोल. तुम्ही खरं तेच सांगितलंत."

कोलने डोळे पुसले, टोपी घातली आणि तो गवत कापायला परत गेला. आता तो लंगडत असूनही भरभर चालत होता.

विनयने घड्याळ पाहिलं. तो म्हणाला, "मावशी, क्लेव्हची बस चुकेल गं."

"हो, तू हो पुढे."

तो दहा पावलं गेला. मागे मावशी दगडापाशी वाकली, त्याच्या माथ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली,

"येते मी."

आणि तिथंच उभी राहिली.