चंद्रावरची लाथ

मकरंद सांगलीच्या मंडईत वांगी निवडत होता, तेवढ्यात पोटाला बांधलेल्या पट्ट्यातून बाळाची लाथ बसली. तो एकटाच हसला. त्याची बायको मृण्मयी चंद्रावरच्या तळावर कामाला गेली, तेव्हा दिवस गेल्याची दोघांनाही कल्पना नव्हती. आता बाळंतपण होईपर्यंत तिला यानात बसता येणार नव्हतं. तिच्या पोटातली प्रत्येक हालचाल हा पट्टा त्याच्यापर्यंत पोचवायचा.

तो घरी पोचला, तोच तिचा फोन आला.

"डॉक्टर म्हणतात, इथं वाढलेल्या बाळाची हाडं पृथ्वीवर टिकणार नाहीत. तिथं ते कधी उभंच राहणार नाही." ती रडत होती. "तरी आणते मी त्याला. तुझं हृदय असं कमजोर, तुला यानातून इकडे येता येणार नाही. आपण सांभाळू त्याला."

मकरंदने पोटावरच्या पट्ट्यावर हात ठेवला.

"नको आणूस," तो म्हणाला. "तिथं ते पळेल. तू त्याच्याजवळच राहा."

संध्याकाळी जिन्यात शेजारच्या दामलेकाकू भेटल्या. "काय रे, बाळ कधी येणार घरी?"

"नाही येणार, काकू," तो म्हणाला. "पण चालेल हो ते. चांगलं पळेलसुद्धा."