मालिकेनंतरचा सिनेमा

पोस्टर दिसलं आणि कानोकोचे पाय जागीच थांबले. दोन पुरुष स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठमोरे उभे होते, आणि एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर होतं.

"हाच?" तिने विचारलं.

"हाच," बाबा म्हणाले. "टीव्हीवर मालिका लागायची ना यांची, तिच्या पुढची गोष्ट. मालिका मी सगळी पाहिलीये. आता अर्ध्यावर कशाला सोडायची?"

तेत्सुरो ओनिशींनी उभं आयुष्य ताकामात्सुच्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करण्यात घालवलं होतं. बायको गेल्यापासून ते घरात एकटेच असत. टीव्हीवर बेसबॉलखेरीज त्यांनी काही पाहिल्याचं कानोकोला आठवत नव्हतं. आणि तेच परवा ओसाकाला फोन करून म्हणाले होते, "रविवारी ये. सिनेमाला जाऊ. जरा बोलायचंय तुझ्याशी." आज त्यांनी कडक इस्त्रीचा शर्टही घातला होता.

कानोकोने पोस्टरवरून नजर काढून घेतली. गेल्या महिन्यात बाबा तिच्या घरी येऊन गेले होते. शिओरीची ओळख तिने "भाडं वाटून घेते" अशी करून दिली होती. घरात पलंग एकच होता. बाबा जेवले, शिओरीला "येतो हं" म्हणाले आणि गाडी पकडायला निघून गेले. तेव्हा ते काहीच बोलले नव्हते.

आत बहुतेक बायकाच होत्या. मागच्या रांगेतली एक बाई मैत्रिणीला म्हणाली, "बघ, कशी मुलगी आहे! वडिलांना घेऊन आलीये अशा सिनेमाला."

बाबा मागे वळले. "नाही हो, मीच आणलंय तिला."

बायका खुदकन हसल्या. कानोको मात्र खुर्चीत आणखी खाली सरकली.

मालिकेच्या शेवटी त्या दोघांनी एकत्र घर घेतलं होतं. सिनेमात त्या घराला पाच वर्षं झालेली होती. एके दिवशी दोघांतल्या धाकट्याची बहीण न कळवता दारात येऊन उभी राहते. तो गडबडतो आणि म्हणतो, "हा माझा मित्र." थोरला हसून मान लववतो आणि निमूटपणे भांडी घासायला जातो. नळाचं पाणी वाहत राहतं.

कानोकोने हळूच शेजारी पाहिलं. बाबांनी चष्मा काढला होता. तोंड वाकडं झालं होतं. त्यांना किळस आलीय, असं तिला वाटलं. पुढचा सिनेमा तिला धड दिसलाच नाही.

बाहेर आल्यावर दोघं उदोनच्या दुकानात शिरले. शेवयांचे वाफाळते वाडगे समोर आले. बाबा एरवी क्षणात वाडगा रिकामा करत. आज ते नुसतंच ढवळत बसले होते.

"कसा वाटला?" कानोकोने विचारलं.

"चांगला होता. पण तो 'मित्र' म्हणाला ना, ते मला नाही आवडलं."

"म्हणजे?"

"इतकी वर्षं एका ताटातलं खायचं, आणि चारचौघांत विचारलं की मित्र! त्या भांडी घासणाऱ्याचा किती जीव तुटला असेल." बाबांनी घसा खाकरला. "कानोको, मला तुला..."

"थांबा बाबा. मीच सांगते." तिने काड्या खाली ठेवल्या. "शिओरी भाडं वाटून घेत नाही. म्हणजे घेते, पण ती माझी... आम्ही दोघी तशाच आहोत. त्या सिनेमातल्यासारख्या. खोटं बोलले मी तुमच्याशी."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मालकीणबाई लगबगीने पाणी घेऊन आल्या.

"बरं झालं," बाबा म्हणत होते. "बाई गं, किती बरं झालं!"

"हसताय काय? भीतीने आमच्या दोघींच्या तोंडचं पाणी पळालं होतं!"

"मग हसू नको तर काय करू? आवडली मला पोरगी. त्या दिवशी मासा काय सुरेख खाल्लान तिने! काट्याला कण म्हणून ठेवला नाही. ओबोनला, पितरांच्या सणाला, घेऊन ये तिला. तुझ्या आईच्या, आजोबा-आजींच्या थडग्यावर पाणी घालू दे."

कानोकोच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिने नाक पुसलं आणि सपाटून जेवायला लागली. कोळंबीचं आणखी एक भजं मागवलं. मग फोन काढून शिओरीला कळवलं, "बाबांना सांगितलं. ते तुला बोलावतायत." लगेच उत्तर आलं. त्यात एकही शब्द नव्हता, नुसते रडके चेहरे होते. ते बाबांना दाखवताच ते पुन्हा हसले.

"आई असती तर काय म्हणाली असती?" तिने विचारलं.

बाबांनी चष्मा पुसला. "तुझ्या आईला अशा गोष्टी न सांगता कळायच्या. आणि कळल्या म्हणून तिने कुणाचा हात सोडला नसता. हे मी खात्रीने सांगतो."

"आणि तुम्हाला? तुम्हाला कधी कळलं? त्या दिवशी घर बघून?"

"घर बघून काय कळायचं? नीटनेटकं होतं घर."

"उगाच साळसूदपणा करू नका हं बाबा!"

"देवाशपथ. मला हे आत्ता, तू सांगितल्यावर कळलं."

कानोकोने वाडगा खाली ठेवला. "मग मला हा सिनेमा कशाला दाखवलात?"

बाबांनी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

"मला माझं सांगायचं होतं."