विळी नसलेलं दुकान

"दहा मिनिटांत विक्री सुरू व्हायचीय मॅडम," भांड्यांचे व्यापारी शेटे म्हणाले. "तुमचा अंगठा उठला की झालं."

अंध तपासनिसाच्या अंगठ्याशिवाय कुठल्याच दुकानाची वेबसाइट उघडत नसे. वत्सला खोत यांनी आजवर शेकडो तपासल्या होत्या, पण इतकी सोपी एकही नव्हती. या वेबसाइटनं त्यांना आल्याआल्याच ओळखलं. चित्रं आपणहून बोलत होती, बटणं विचारायच्या आत सापडत होती. अंगठा काचेजवळ नेता नेता त्यांना घरची मोडकी विळी आठवली.

"विळी दाखव."

"आमच्याकडे विळी नाही," वेबसाइटचा गोड आवाज म्हणाला.

मागे माल बांधणारी बाई मोजत होती, "विळ्या बारा, सुऱ्या वीस."

वत्सलाबाईंचा हात थांबला. "शेटे, तुमच्या फोनवर बघा जरा."

शेटेंनी फोनवर विळी शोधली. मग म्हणाले, "इथं दिसतायत. ही वेबसाइट गिऱ्हाईक बघून दुकान मांडते मॅडम. तुम्हाला लागू नये, भाजू नये म्हणून."

"आठव्या वर्षापासून विळीवर चिरतेय मी. शेगडी आहे?"

"आमच्याकडे शेगडी नाही," आवाज म्हणाला.

"मॅडम, तीनच मिनिटं राहिलीत."

"मग माझ्यासाठी आहे तरी काय?"

"चमचे, वाट्या आणि एक घंटी," आवाज मायेनं म्हणाला.

"घंटी कशाला?"

"काही हवं असलं, तर कुणाला तरी बोलवायला."

वत्सलाबाईंनी अंगठा मुठीत मिटून घेतला.