रोदिकाचं गाणं

“अकराला पोलीस येतायत. तोवर तिला कळता कामा नये,” मृदुला सासूबाईंच्या कानाशी कुजबुजली.

कुजबुजायची गरज नव्हती. रोमेनियाच्या रोदिकाला मराठी कुठून कळणार? नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या त्या स्वयंपाकघरात ती गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती, रोजचंच गाणं गुणगुणत. रोमेनिया तेव्हा युरोपीय संघाबाहेर होता, आणि या देशात राहायचे कागद तिच्याकडे नव्हते. पोलीस आले की तिचं इथलं अन्नपाणी संपलं.

घरचे ब्रसेल्सची सहल करून आले, तेव्हापासून आठ दिवस अनसूयाबाईंच्या सोन्याच्या पाटल्या दिसत नव्हत्या. “परकी बाई घरात घ्याल तर दुसरं काय होणार?” असं पहिल्या दिवशी त्यांनीच ठणकावलं होतं. काल त्यांच्या मुलानं, विश्वासनं, तक्रार दिली. अनसूयाबाई चौथी शिकलेल्या, पण जिभेची धार अशी, की पुण्यात दूधवाला पाणी घालण्याआधी दोनदा विचार करी. टाकलेला शब्द त्यांनी उभ्या जन्मात मागं घेतला नव्हता. सुनेपुढं तर नाहीच.

“भात टाकते,” मृदुला म्हणाली.

“पोळ्याच कर. मला भात सोसत नाही हल्ली.”

“कालही तेच म्हणालात.”

अनसूयाबाईंनी खुर्ची तांदळाच्या डब्याशी ओढली. बाहेर आभाळ छपरांना टेकलं होतं. अकराला पाच मिनिटं कमी होती.

“विचार तिला, रोज काय रडगाणं लावते ते.”

मृदुलानं इंग्रजीत विचारलं. रोदिका हात पुसून, शब्द शोधत सांगू लागली. मृदुला मराठीत सांगत गेली.

“तिच्या आजीचं गाणं आहे. मेंढपाळ गावच्या मालकाला म्हणतो, गाय ने, जमीन ने, माझं नाव तेवढं नेऊ नको. नाव गेलेल्यावर कुत्रंसुद्धा भुंकत नाही.”

“आणि पुढं?”

“आणि ज्यानं ते नेलं, त्याच्या हातचं त्याचंच कुत्रं खात नाही.”

बेल वाजली. रोदिका सवयीनं दार उघडायला उठली.

“थांब गं,” अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी डबा उचलला आणि ओल्या फरशीवर पालथा केला. तांदळाच्या ढिगात दोन पाटल्या चमकल्या.

मृदुलाचा जीव भांड्यात पडला. “अगंबाई, ब्रसेल्सला जाताना चोराच्या भीतीनं तुम्हीच तांदळात पुरल्यात वाटतं. आणि आत्ता आठवलं होय, आई?”

बेल पुन्हा वाजली.

“परवा आठवलं,” अनसूयाबाई म्हणाल्या. “सरक. दार मी उघडते.”